एसचा खिळा

वेंगुर्ल्यात, बंदराच्या रस्त्यावर, शेटयांच्या छापखान्यात
मी खिळे जुळवायचो.
इंग्रजी नववीपर्यंत, तीही दोनदा.
पण शिशातली अक्षरं उलटीच असतात,
तेव्हा समजणं आणि जुळवणं ही वेगवेगळी कामं.

डिसेंबर लागला की चर्चमागच्या वाडीतली कार्डं यायची.
पास्कोल ब्रिटो
(ईस्टरच्या पहाटे जन्मला म्हणून पास्कोल)
तीस कार्डं सांगून गेला. मी माझ्या अंगचं इंग्रजी लावलं:
पास्कोल अँड क्वितेरी विशेस यू.
प्रूफ फादर ओलिंडो बघायचे.
चिमट्याने त्यांनी एस उचलला, माझ्या तळहातावर ठेवला.
"कर्ता एक असेल तर हा. दोघं असली की नको."

मला हे उफराटं वाटलं.
आपल्यात माणसं वाढली की शब्द वाढतो,
मूल येतं, मुलं येतात.
इथं एकट्याच्याच पदरी जास्तीचं अक्षर.
पास्कोल हसला, "एकट्याक शेपटी,
लगीन झाला की तुटता."
क्वितेरीने त्याच्या पाठीत पिशवी हाणली,
बांगडे माझ्या खिळ्यांच्या खणांत सांडले.
आठवडाभर डब्ल्यूला वास येत होता.

मग एक सप्टेंबर.
होडी निवतीच्या खडकांपाशी मिळाली,
जाळ्यासकट, माणसाशिवाय.

नोव्हेंबरात चर्चची नोटीस आली, मृतांच्या दिवसाची.
ऑल सोल्स डे इज.
आत्मे सगळे, आणि क्रियापद एकाचं?
"दिवस एक आहे ना," फादर म्हणाले,
आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.
खालचा मराठी मजकूर मीच लिहिला:
पास्कोल ब्रिटो हे समुद्रात गेले.
गेला नाही. गेले.
जन्मभर ज्याला अरे पास्कू म्हटलं
तो एकटा माणूस आता अनेकवचनात,
वाटेत सोबत असावी तसा.

डिसेंबरात ती आली. जुनंच कार्ड. तीस नकोत, बारा.
"तेचा नाव काड."
मी पास्कोल काढला,
अँड काढला,
आणि मग खणातून एस.
"ह्यो खंयसून इलो?" तिने विचारलं.
नियम मला पाठ होता.
मी पाणी प्यायला मागे गेलो.

दुपारी, ट्रेडलवर कागद चढवायच्या आधी,
ती ओळ मी मोडली आणि गॉड ब्लेस यू लावलं.
देव एकच, असं फादर सांगतात,
तरी तिथं एस नसतो,
कारण ती बातमी नव्हे, मागणं आहे.
हेही त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं,
भर जेवणात, भाताचा घास हातात धरून.
मागताना इंग्रजी माणसं मोजत नाही.
आणि आपलं होवो, येवो, लाभो,
शब्द संपतो तरी तोंड उघडंच राहतं.

ओल्या शाईला बोट लागणार नाही अशी
तिने कार्डं कडेकडेने मोजली. बारा.
वाचली की नाही, कळलं नाही.
"देव बरें करूं," म्हणाली,
आणि उरलेले सुटे पैसे न घेता उतरली.

संध्याकाळी फादरनी विचारलं,
प्रूफात विशेस होतं, ते कुठं गेलं?
एसचा खिळा सापडला नाही, मी म्हटलं.
पन्नासेक तरी होते खणात. त्यांना ते दिसत होते.

पुढे गुड फ्रायडेला
ते वर खिळ्यांचं वाचत होते,
मी दाराजवळच्या बाकावर,
ती तीन रांगा पुढे.
गुडघे टेकताना तो मला खिशात टोचला.