काठिण्य : मध्यम

चार दरवाजापाशी पाटी रोवलेली :
पन्हाळा, रान, पावनगड, परत पन्हाळा.
अंतर नऊ किलोमीटर. काठिण्य : मध्यम.
पाटीपुढं आम्ही दोघी जावा,
सहा वर्षांनी एका फोटोत,
मध्ये तिसरी बाई मावेल एवढी जागा ठेवून.

घाट पोरांनी घातलेला.
तिचा इंद्रजित, माझी पद्मजा
पहिल्याच वळणाला पसार.
छातीवर तिचा नंबर एक्केचाळीस, माझा बेचाळीस.
आडनाव एक असलं की
नोंदवही असा सूड घेते.

उतार संपला आणि जांभळीचं रान लागलं.
आत शिरताच पौषातलं ऊन
चिल्लर होऊन पाचोळ्यावर सांडलं.
बुंध्यांना लाल फिती बांधलेल्या, वाट चुकू नये म्हणून.
फीत दिसली की ती हात करायची, मी मान हलवायची.
एवढ्यावर दोन किलोमीटर निभावले.

मग गव्याचं शेण. ताजं, वाफाळतं.
ती थांबली. मी थांबले.
भीती आम्ही निम्मी निम्मी घेतली,
वकील न लावता.

शाहूपुरीतल्या गुळाच्या दुकानाचं
असं झालं नव्हतं.
मधोमध विटांची भिंत,
तराजू तिच्याकडं गेला, वजनं माझ्याकडं,
आणि कित्येक महिने दोन्हीकडं
गिऱ्हाईक नुसतं हसत होतं.

खिंडीच्या चढाला तिच्या बुटाचा तळ सुटला.
ऑनलाइन मागवलेला, पोपटी, नवाकोरा,
पावलागणिक जीभ काढायला लागला.
माझ्या पायात कापशी,
पंधरा वर्षांची, करकरणारी, पण शाबूत.
मी हसले नाही.
खोटं कशाला बोलू, हसले,
आधी पदरात, मग मोठ्यानं.
ती म्हणाली, "हस, हस.
कोल्हापुरात जन्मून बूट घातलं,
देवानं जाग्यावर दाखवलं."

मी अंजनीच्या झाडाची फीत सोडली.
खाली बसले, गुडघ्यांनी वय सांगितलं.
तिच्या बुटाला तीन वेढे, वर गाठ.
"मागनं येणारी चुकतील की गं."
"चुकू देत. वाट गोल हाय.
चुकून चुकून जातील कुठं?"

पावनगडावर तटाचे दगड
गवतात गुडघे मोडून बसलेले.
वाटाड्या पोरगा तुपाच्या विहिरीपाशी थांबला :
म्हणतात, हिच्यात तूप साठवायचे,
लढाईतल्या जखमांना लावायला.
जितकं जुनं तितकं गुणाचं.
ती वाकून बघत राहिली.
मीही वाकले.
आत अंधार होता, आणि एक प्लास्टिकची बाटली.
पोरगा पुढं गेला तरी
आम्ही काहीतरी सापडणार असल्यासारख्या
तशाच वाकलेल्या.

तेवढ्यात खालच्या उसातनं वास वर आला,
कुणाच्या तरी गुऱ्हाळाचा.
दोघींनी एकदमच नाक वर केलं.
"करपलं."
"मळी काढायला उशीर केलाय."
"ह्यो गूळ काळा येणार."
"आणि आपल्या गळ्यात मारणार."
आपल्या, म्हणाली ती.
नंतर पदर सारखा करत बसली बराच वेळ.

परतीचा चढ आठवत नाही.
घाम आठवतो, आणि माझ्यापुढं
फडफडणारं ते लाल टोक.
पाटीशी पोरं दहीभाकरी खात बसलेली.
"एवढा उशीर?"
तिनं दम खात अक्षरावर बोट ठेवलं.
"मध्यम म्हणं!
हे लिवणाऱ्याला जाऊ नसंल."

दिवस तटाखाली सरकायला लागला.
नोंदवहीवाला पुन्हा पुन्हा मोजत होता :
त्रेपन्न ते छप्पन्न अजून रानात.
आम्ही एकमेकींकडं बघितलं नाही.
ती बुटाची फीत सोडेना, मी सोड म्हणेना.
बुरुजावर शेजारी शेजारी बसून
झाडीकडं डोळे लावले.
ही चूक कुठल्याच वाटणीत
धरलेली नव्हती.