मुठीचा डबा

दीनाबाई शमुवेल खरात, माझी आजी,
जालन्याच्या मिशन कंपाउंडात
चूल पेटवण्याआधी
एक मूठ ज्वारी बाजूला काढायची.
डालड्याच्या पिवळ्या डब्यात.
रविवारी तो डबा देवळात जायचा.
देऊळ आमचं कौलारू,
घंटेचा दोर तुटून, गाठी मारमारून
इतका आखूड झालेला
की ओढायला दौलतकाकांना स्टूल लागायचं.

पाळकीणबाई एकदा हसून म्हणाल्या,
दीनाबाई, तुमची मूठ भारी लहान.
"लहानच हाय," आजी म्हणाली,
"पण रोजची हाय."

बाहत्तर साली घरात ज्वारी नव्हती,
रेशनची लाल मिलो होती.
तिचीही मूठ निघाली.
लेकरांच्या तोंडातली काढतीस, आजोबा ओरडले.
ती गप्प.
त्या रात्री तिच्या ताटात नुसतं कोरड्यास होतं,
हे मला आजोबांनी सांगितलं,
चाळीस वर्षांनी, बाजेच्या सुंभाशी चाळा करत.
तिनं कधीच नाही.

दवाखान्यात ती आया, बाळंतिणींच्या वॉर्डात.
हाताला कायम फिनेलचा वास.
प्रभुभोजनाच्या रविवारी दोनदा साबण लावायची,
तरी प्याल्यावर झुकली की
तो वास आधी पोचायचा, मग ती.

प्रार्थना म्हणजे तिचं भांडणच असायचं.
डोळे मिटलेले, बोट वर:
"प्रभू, काल सांगितलं, आज पुन्हा सांगते.
इम्मानुएलला नोकरी लावतो म्हणलास,
कुठंय ती?
अन् शेजारच्या रझियाचा गुडघा बघ.
ती तुला नाही सांगणार, तिच्या वतीनं मीच सांगते.
मपल्या गुडघ्याचं राहू दे, ते नंतर."
आमेनच्या आधी क्षणभर थांबायची,
कान किंचित तिरपा,
पलीकडून कुणी काही म्हणतंय का ते बघायला.
आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो.
धपाटा आमेननंतर मिळायचा.

ती गेली तेव्हा बाजारात मोसंबी मातीमोल झाली होती.
पेटी रंगनाथ मिस्तऱ्यानं केली.
पैसे पुरते मोजून घेतले,
पण रंधा आतूनही मारला.
आतून कुणी मारत नाही, म्हणाला,
म्हातारीच्या अंगाला कूस नको लागायला.

मग तिचं शास्त्र उघडलं.
मागच्या कोऱ्या पानांवर तिचं अक्षर,
छत्तिसाव्या वर्षी नर्सबाईंकडून शिकलेलं,
प्रत्येक वेलांटी ओल्या लुगड्यासारखी लोंबणारी.
शमुवेलशी लग्न. इम्मानुएल. पुष्पलता, म्हणजे आई.
आणि त्या दोघांच्या मध्ये एक ओळ:
"मुलगी. अकरा दिवस. नाव तुला ठाऊक."

आईला माहीत नव्हतं.
मामाला अंधुक आठवत होतं:
वॉर्डाच्या पायरीवर कुणीतरी ठेवून गेलेलं,
आजीनं पदराखाली घरी आणलेलं,
शेळीचं दूध, कापसाचा बोळा,
आणि एका सकाळी
झोळी वाळत घातलेली.
जन्मभर आम्ही तिची लेकरं दोन मोजली.
तिनं तीन.

डबा आता माझ्याकडे आहे, संभाजीनगरात, तिसऱ्या मजल्यावर.
नाताळ सोडला तर मी देवळात जात नाही.
तांदूळ मापानं घेते, तरी
कुकर लावण्याआधी हात आपोआप डब्याकडे जातो.
गेल्या महिन्यात तो भरला.
कुणाला द्यायचा ते कळेना, तसाच राहिला, अळ्या झाल्या.

गच्चीत जुन्या साडीवर तांदूळ पसरून
निवडत बसले होते.
ऊन डोक्यावर आलं.
तोंडातून निघून गेलं,
"प्रभू, हे बघ काय झालं,"
आणि मी थांबले,
क्षणभर, कान तिरपा करून.

खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं.
सुरू होत नव्हती.
तो पुन्हा मारत होता.