सातवा दिवस

हरिपूरच्या पेवांतून हळद उपसणाऱ्या माझ्या बापाला
पायगोंडा भिलवड्यांनी सहा दिवस स्टुलावर बसवला.
रोज दीड रुपया. नुसता बसण्याचा.
बाप आईला म्हणाला, येडं हाय ते पोरगं,
वझं न उचलता पैसं देतंय.

तेव्हा ते कुणीच नव्हते.
वखारीच्या माडीवर खोली,
अडत दुकानांच्या पाट्या रंगवून भाडं.
पुढे अँटवर्पला गेले. हिऱ्यांच्या व्यापाऱ्यांचे चेहरे काढले,
एका बिशपचा, दोन मंत्र्यांचा,
आणि एका बाईचा, जिच्या नुसत्या मोत्यांना
म्हणे चार महिने लागले.
इकडच्या पेपरात तेव्हापासून 'सांगलीचे सुपुत्र'.

बापाचं चित्र तिकडच्या म्युझियममध्ये आहे.
छापलेलं पान बँकेतल्या साहेबांनी दाखवलं.
नाव : हळदीचा माणूस.
कपाळावरची शीर बरोबर आहे.
पोत्यांनी घासून चपटा झालेला डावा कान, बरोबर.
पेवात उतरण्याआधी कंदील सोडतात,
तो विझतो का हे वरून बघणारा माणूस
जसा बघतो, तसा बघतोय.
मनगटांखाली मात्र काही नाही. कोरं कापड.

त्यावर दीड पान मजकूर.
श्रमाची अनुपस्थिती, इतिहासाने पुसलेले हात, असं बरंच.
साहेब वाचताना थोडे हळवे झाले.

मी बापाला विचारलं होतं एकदा.
"सातव्या दिवशी निजामाबादचा ट्रक लागला हुता.
मुकादम खालनं वरडाय लागला.
उठलो."

ब्याऐंशी साली सत्काराला आले,
तेव्हा शाल काखेत मारून घर विचारत आले.
सिदू ऐवळ्यांचं हेच का?
बाप जाऊन तीन वर्षं झालेली.
म्हणाले, तुझे हात दाखव.
मी कॅशियर. ओल्या स्पंजाने मऊ पडलेली बोटं, शाई.
त्यांनी उजेडाकडे धरून उलटेपालटे केले,
बाजारात दोडका बघावा तसे.
नाही, म्हणाले.
चहाच्या मध्येच पुन्हा म्हणाले,
नाही, हे नव्हेत.

कप न्यायला आई बाहेर आली.
"सातव्या दिवसाचा दीड रुपया ऱ्हायलाय तुमच्याकडं."

त्यांनी सगळे खिसे उलटे केले.
तिकडची नाणी निघाली.
आईने एक उचलून बघितलं,
त्यावरचा चेहरा जरा वेळ न्याहाळला,
आणि परत दिलं.