न जुळणारे आकडे

अक्कलकोट रस्त्याच्या गोदामात
चादरींच्या गठ्ठ्याखाली सापडली.
परवाना मयत काकांचा. वारस तिघे,
दोघांना नको होती.

इमाम शिकलगारनं बोल्ट मागे ओढला:
गंजाचा भुगा, मेलेला कोळी,
आणि एक आकडा. नळीवर दुसराच.
"दोघींची एक केलीय कुणीतरी,"
सोयरीक सांगावी तसं म्हणाला.

पुढचं लाकूड करवतीनं उडवलेलं.
लढाईची होती, काळविटांसाठी हलकी केली.
नान्नजच्या माळावर काय काय पाडलं
ते लाकडाला ठाऊक असेल.
लाकूडच नाही.

मग गज्जम व्यंकय्या आला, मागाचा सुतार,
बंद मिलमधलं शिसव काखेत घेऊन.
अकरा दिवस घासलं. जवसाचं तेल,
परत तेल, मे महिन्याचं ऊन.
सांधा आता बोटालाच कळतो,
तोही व्यंकय्याच्या.

शेवटी इमामनं नळी खिडकीकडे धरली.
आटे पुसट झालेत, गोळी भरकटेल.
"तरी बघा."

मी डोळा लावला:
वाटोळं, हळू पीळ घेत गेलेलं सोलापूर,
आणि टोकाला, नाण्याएवढ्या उजेडात,
गच्चीवर कपडे वाळत घालणारी
कुणी बाई.

नळी खाली केली.
काडतुसांचं अजून
कुणी विचारलेलं नाही.