नळ येण्याआधी

मोहननगरात पहाटे चारला नळ येतात.
कधी साडेचारला. कधी येतच नाहीत.
तरी मी पावणेचारलाच गुंड लावून बसते
कोरड्या तोटीखाली.
शांतवन गेल्यापासून
प्रार्थनेला शब्द उरले नाहीत फारसे;
हेच – गुंड विसळणं, बसणं.

काल वच्छलाबाईंशी भांडले, पाइपावरून.
लागेल असंच बोलले.
रात्री बायबल मिटलेलं, गुडघे ताठ.
टेकायचे कोणत्या तोंडानं?

आज तोटीत आधी हवा खाकरली,
मग पाणी.
माझं तोंड न बघता.

कूलर भरला. वाळ्याचा वास सुटला.
कालचं पाणी कालच्याच उन्हानं पिऊन टाकलेलं.

एक गुंड वच्छलाबाईंच्या दारात ठेवला, झाकून.
कडी वाजवायचा धीर नाही अजून.
तो उद्या मागेन.