काकपद

साल्मियाहून सातची बोट.
फैलाकावर उतरलं की आधी लागतात
नव्वद सालच्या गोळ्यांनी चाळण झालेली घरं,
मग वाळू, मग तेवीसशे वर्षांपूर्वीची ग्रीकांची भिंत.
मला पगार त्या मागच्या भिंतीचा.
चुना कालवायचा, सांधे भरायचे, उन्हं चढायच्या आत.

हजेरीपटावर मी बद्माकर.
अरबीत प नाही, कारकून म्हणाला होता,
आणि पद्माकर पाताडे,
बापजाद्यांपासून पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारे,
एका शाईत बुडालो.

दगड सापडला गुरुवारी, डबे उघडायच्या वेळी.
पायरी म्हणून पालथा घातलेला.
म्हणजे नंतरच्या कुणाला तो नुसता दगडच होता.
स्टावरूलाबाईंनी त्यावर ओला कागद पसरला,
ब्रशने थोपटत राहिल्या, पोर निजवावं तशा.
सुकल्यावर सोलला:
अक्षरं उलटी, फुगीर,
आंधळ्याच्या बोटांनाही लागावीत अशी.

मला त्यातलं एक येत नाही.
पण हात कळतो.
पहिल्या ओळीत ऐसपैस बसलाय गडी,
शेवटच्या ओळीत एका बाकावर सहा जण.
सूत धरलं नव्हतं.
मधे दगडातला शिंपला आडवा आला
तिथे त्याने टाकी वळवली, शिंपला राखला.
आमच्या आबांनीही राखला असता.

मुनीराबाई अर्थ सांगतात
आजोबांनी मुंबईत मोत्यांचा व्यापार करताना
उचललेल्या हिंदीत:
निकांड्रोस, आणि त्याच्यासोबतचे शिपाई,
वाऱ्यातून वाचलेले, देवाला.
बस. एवढंच.
कुठला वारा, किती बुडाले, काही नाही.

"आणि हे काय?" मी विचारलं.
ओळीच्या वर, एकटंच,
करंगळीच्या नखाएवढं वाटोळं, मधे टिंब.
वरून पाहिलेलं जातं, खुंट्यासकट.
स्टावरूलाबाई हसल्या. विसरलेलं अक्षर.
'वाचलेले' या शब्दातलंच.
ते नसेल तर शब्द शब्दच राहत नाही.

गावी देवळामागे एक इनामाचा दगड आहे,
वर चंद्रसूर्य, खाली गाढव,
जो हे मोडेल त्याच्या नावाने शिवी.
आबा म्हणायचे, कोरणाऱ्याला वाचता कुठे येत होतं,
भटजींनी कोळशाने काढून दिलं, तो गिरवत गेला.
इथलाही तसाच असेल.
मग पाठीमागे कोणीतरी उभं राहिलं,
दाढीत वाळू, ओठ सुजलेले,
बोट ठेवून म्हणालं, अरे, इथे एक राहिलं.

म्हणजे त्या दिवशी या बेटावर
एक विसरणारा होता आणि एक वाचणारा.
राजाचं नाव दगडावर नाही. हे मात्र आहे.
आणि बघा, ते वरचं अक्षर
सगळ्यात नीट कोरलंय.

मी मुनीराबाईंना सांगितलं,
आमच्यात वाचणं एकच.
बुडता माणूस वाचतो, शाळेतलं पोरही वाचतं.
त्यांनी ते स्टावरूलाबाईंना सांगितलं.
त्यांनी वहीत लिहून घेतलं, माझं नाव विचारून.
प स्वच्छ आला.

परतताना मुनीराबाई एका घरापाशी थांबल्या.
चौकटीवर खिळ्याने ओरखडलेलं कुणा शिपायाचं नाव,
खाली तारीख.
त्याच्याही खाली, पेन्सिलीच्या आडव्या रेघा,
एका पोरीची उंची, नऊ वर्षांपर्यंत.
"भरू का?" माझ्या थापीवर चुना उरला होता.
"नको."
मग बोटीपर्यंत कुणीच बोललं नाही.

रविवारी हजेरीपट समोर आला तेव्हा
मी ब खोडला नाही.
खाली छोटी खूण केली, वर प लिहिला, मराठीत, बारीक.
कारकून म्हणाला, ही काय घाण?
म्हटलं, कावळ्याचा पाय.
त्याने खिडकीकडे पाहिलं.