तिवर

दिवाळे कोळीवाड्याच्या मागे ओहोटी लागली
की काळा चिखल उघडा पडतो.
बाबा सांगायचे, याच्यात हवा नाही,
पाय रुतला की कुजका वास येतो तो त्याचाच.
म्हणून तिवर मुळं वर काढतं,
बोटाएवढी, हजारो,
बुडणाऱ्याने हात वर करावा तशी.

मंजुळाआत्याच्या गळ्यातली गाठ आतून तशीच होती.
तेहतीस वेळा किरणं दिली.
कडा विरल्या, डॉक्टरही हसले.
मधला भाग, जिथवर रक्त पोचत नव्हतं,
उपाशी होता,
आणि उपाशी म्हणूनच वाचला.
किरणाला मारायलाही प्राणवायू लागतो
हे मला कळलं एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी.
तोवर आत्याची मासळीची पाटी
शेजारणीने मागून नेली होती.

आता खारघरला, डोंगराकडे पाठ केलेल्या प्रयोगशाळेत
मी पोटॅशियम परमँगनेट ढवळते.
जांभळं पाणी हळूहळू
कोऱ्या चहासारखं होत जातं
आणि त्यात कण जन्मतात,
केसाच्या जाडीत हजारभर मावतील असे.
दिसत नाहीत. यंत्र म्हणतं आहेत, म्हणून आहेत.
गाठीत साठलेलं पेरॉक्साइड फोडून
ते प्राणवायू सोडतात.
थोडासा. थोडाच वेळ.
तेवढ्यात किरण सोडायचा.

सतरा नंबरच्या उंदराची गाठ
गेल्या महिन्यात वाटाण्याएवढी होती, काल मोहरीएवढी.
अठराची आहे तशीच.
एकोणीस मेला. का, ते माहीत नाही.
वहीत तिघांना एकेकच ओळ मिळाली.

रविवारी बाबांना हे सगळं सांगितलं.
जाळ्याची फाटकी बाजू सांधत ते ऐकत होते.
"म्हंजे गाठीला आदी जीव लावाचा
न मंग मारायची?"
हो म्हटलं.
"मानसाला कवा?"
दहा वर्षं. कदाचित कधीच नाही.

त्यांनी दातांनी दोरा तोडला.
खाडीत पाणी चढत होतं,
मुळांची टोकं एकेक करून दिसेनाशी होत होती.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग त्यांनी माझा हात उलटा केला,
बोटांवरचे तपकिरी डाग पाहिले.
"म्हाकलाची शाई का गो?"

नाही म्हटलं.
साबणाने जात नाही.